किनुको-सानच्या आरशातलं मेपल

आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, सलूनच्या दारातलं ते मेपल होरिगोमेंनी वाढवलं असंच सांगतील. साफ खोटं आहे ते. होरिगोमेंनी दोन मेपल मारली. तिसरं जगलं ते त्यांच्या बायकोमुळे, किनुको-सानमुळे, आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच. त्या स्वतः काही सांगायच्या नाहीत. नूडल्सच्या दुकानात गेल्या तरी नवरा काय मागवतो ते ऐकतात आणि "मलाही तेच" म्हणतात. त्यांना नक्की काय आवडतं ते मला बत्तीस वर्षांत कळलेलं नाही, आणि मी काही कमी चौकस बाई नाही.

मी शिगेको. सलूनला लागून आमची लाँड्री आहे, मधे एकच भिंत. सलूनचे टॉवेल आणि पांढरे कोट आमच्याकडेच धुवायला येतात. तिथे होरिगोमे केस कापतात आणि किनुको-सान दाढी करतात. त्यांचा हात इतका हलका, की भाजीवाले उएमात्सु-सान गालाला साबण लागला रे लागला की घोरायला लागतात.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी टॉवेल द्यायला गेले होते. किनुको-सान उएमात्सुंचा उजवा गाल करत होत्या. मधेच आरशात बघत म्हणाल्या, "एकेचाळीस वर्षं झाली, या आरशात मला रस्त्यापलीकडचं ते थंड पेयांचं मशीनच दिसतं. दाराशी एखादं मेपल असतं तर बरं झालं असतं."

होरिगोमेंची कात्री हवेतच थांबली. किनुको-सान चिचिबूच्या डोंगरातल्या, माहेरी घरामागचा सगळा उतार मेपलचा. पण लग्न होऊन आल्यापासून "असतं तर" हे शब्द त्यांच्या तोंडून ना नवऱ्यानं ऐकले होते, ना मी.

"अगं, मग आधी बोलायचं नाही का?" होरिगोमे म्हणाले.

"आत्ताच सुचलं," त्या म्हणाल्या आणि डावा गाल करायला वळल्या.

आम्ही आनग्योची माणसं. इथे डोळे मिटून दगड मारला तरी तो कुठल्या ना कुठल्या रोपवाटिकेतच पडायचा. तेव्हा झाड मिळवणं अवघड नव्हतं. सोमवारी सलूनला सुट्टी असते. त्या सोमवारी होरिगोमे मोतेगी काकांच्या रोपवाटिकेत गेले आणि लालभडक पानांचं मेपल घेऊन आले. नोव्हेंबर होता. काका म्हणाले होते, "आत्ता घेऊ नकोस. लग्नाच्या दिवशी सगळ्याच नवऱ्या सुंदर दिसतात." पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सलूनच्या दाराशेजारी एका चटईएवढी मोकळी जागा आहे, तिथे त्यांनी ते लावलंसुद्धा.

मार्चमध्ये कोंब फुगायला लागले आणि होरिगोमेंचे हात शिवशिवायला लागले. ज्या माणसानं जन्मभर कुणाच्या कानामागचा एक केस लांब राहू दिला नाही, त्याला उजवीकडची एक फांदी जरा पुढे आलेली बघवेना. ती कापली. मग डावीकडची लांब वाटायला लागली. ती कापली, तर पुन्हा उजवीकडची. कापलेल्या जागेतून टपटप पाणी गळत होतं. ते त्यांनी टॉवेलनं टिपलं, मी धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलनं, आणि पुन्हा कापलं. जूनपर्यंत त्या झाडाचा चकोट झाला, आणि मग ते वाळलं.

दुसऱ्या झाडाच्या वेळी कात्री लावायची नाही अशी शपथ घेतली, तर पाणी पाजून पाजून जीव घेतला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि गिऱ्हाईक नसेल तर मधेही. ऑगस्टच्या उन्हात पानांवर पाणी. पण खरं सांगायचं तर त्या झाडाच्या मरणात माझाही हात होता. आमच्या इस्त्रीच्या यंत्राची वाफ ज्या नळीतून बाहेर पडते ती थेट त्याच्यावर यायची. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मोतेगी काका बघायला आले, नळीसमोर तळहात धरला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच दिवशी माणूस बोलावून नळी मागच्या बाजूला वळवून घेतली.

होरिगोमे तिसरं झाड मागायला गेले तेव्हा काकांनी फाटकही उघडलं नाही.

"मी झाडं विकतो," ते आतूनच म्हणाले. "कत्तलखान्याला माल पुरवत नाही."

"या वेळी नाही मरायचं, मोतेगी-सान."

"तू आपले केसच काप बाबा. ते निदान पुन्हा उगवतात."

त्या दिवशी होरिगोमे सायकल हातात धरून चालत परत आले. किनुको-सान म्हणाल्या, "जाऊ दे हो, मशीनचंही एक बरं असतं, दिवे लागतात." त्या हसल्या, तोंडावर टॉवेल धरून, नेहमीसारख्या. होरिगोमे मात्र हसले नाहीत, आणि मीही नाही. एका बाईनं एकेचाळीस वर्षांत एक गोष्ट मागावी आणि आम्ही दोन शेजाऱ्यांनी मिळून ती दोनदा मारावी, याची मला मनापासून लाज वाटत होती. म्हणून फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मीच किनुको-सानना ओढून मोतेगी काकांकडे नेलं.

काका ब्याऐंशी वर्षांचे. रोपवाटिका आता त्यांच्यामागे चालवणारं कुणी नाही, म्हणून झाडांवर जास्तच जीव. किनुको-सानना बघून त्यांनी फाटक उघडलं. आत चाळीसेक मेपल होती, एकावरही पान नव्हतं, नुसत्या काड्या.

"आत्ता निवडायचं असतं," काका म्हणाले. "पानं नसली की हाडं दिसतात. फांद्या कुठून फुटल्यात, एकमेकींच्या अंगावर जातात का, बुंध्याला जखम आहे का, सगळं दिसतं. बोला, कसं हवंय?"

"तुम्ही द्याल ते," किनुको-सान म्हणाल्या.

"तसलं झाड माझ्याकडे नाही. हवं काय ते सांगा."

किनुको-सानंनी सगळ्या काड्यांवरून नजर फिरवली. मग त्यांनी हातातल्या रुमालाची गाठ सोडली. आत सलूनमधला हातआरसा होता, कापून झाल्यावर गिऱ्हाइकाला मान दाखवतात तो. त्यांनी झाडांकडे पाठ केली, आरसा तोंडासमोर धरला आणि उलट्या पावलांनी चिखलातून चालायला लागल्या.

मोतेगी काका आधी फिसकन हसले. "लोक मला म्हातारचळ लागलाय म्हणतात!"

"मला ते आरशातच बघायचंय ना," किनुको-सान म्हणाल्या. "समोरून बघून काय करू? दिवसभर पाठच असते माझी त्याच्याकडे."

काकांचं हसू थांबलं. ते त्यांच्या मागे मागे जायला लागले, कुठे खड्डा आला तर "डावीकडे, डावीकडे" असं सांगत. किनुको-सान एकेका झाडापाशी थांबत. "हे समोरून छान होतं, आरशात रुसल्यासारखं वाटतं." "याच्या फांद्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला शिंगं आणतील." मी तर बघतच राहिले. बाईंना मतं होती. इतकी वर्षं कुठे ठेवली होती कोण जाणे.

शेवटी कंपोस्टच्या ढिगाजवळ, अगदी कोपऱ्यात, त्या थांबल्या. तिथे एक बुटकं मेपल होतं, अकरा वर्षांत माझ्या कमरेच्या थोडंच वर आलेलं. एका बाजूला कललेलं.

"ते विकायचं नाही," काका म्हणाले. "हळू वाढणारी जात, त्यात चुकीच्या अंगाला झुकलंय. कुणी घेत नाही म्हणून बाजूला टाकलंय."

"आरशात ते माझ्याकडे झुकतं," किनुको-सान म्हणाल्या. "मला हे हवंय."

"हवंय" हा शब्द त्या इतक्या सहज बोलल्या, की मला एकदम भरून आलं. मी नाक शिंकरलं आणि थंडीवर ढकललं.

काकांनी ते स्वतः आणून लावलं. मुळांची माती गवताच्या चटईत बांधलेली होती, ती तशीच अलगद उतरवली. जमीन थोडी उंच केली, म्हणजे पाणी साचायचं नाही. दुपारचं ऊन अडवायला पश्चिमेला वेताचा पडदा उभा केला. मग सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं: पाणी सकाळी एकदाच, बुंध्याशी. पानांची टोकं वाळली तरी हात लावायचा नाही. बुंध्याशी भुसा दिसला तर आत अळी शिरली समजायचं आणि मला बोलवायचं. आणि कात्री नाही. छाटायचं ते पानं गळल्यावर, तेही मी.

"दर महिन्याच्या पंधरा तारखेला मी बघायला येईन," ते होरिगोमेंच्या नाकासमोर बोट नाचवत म्हणाले. "एक जरी काप दिसला, तर झाड उपटून घेऊन जाईन. शिगेको, तू शेजारी आहेस. राखण तुझ्याकडे."

"मी आहे, काका," मी छाती काढून म्हणाले.

एप्रिलमध्ये पानं आली. लहान बाळाच्या हाताएवढीही नाहीत, कडेला लालसर, मधे पोपटी. किनुको-सान रोज सकाळी पाणी घालून बोट मातीत खुपसून बघत. मे महिन्यात पानांखाली मावा पडला. होरिगोमे फवारा आणायला धावले, पण किनुको-सानंनी दाढीचा जुना ब्रश घेतला, साबणाचा पातळ फेस केला आणि एकेक पान उलटं करून मावा झाडून काढला. दोन सकाळी लागल्या. उएमात्सु-सान बाहेरून बघत म्हणाले, "माझी दाढीसुद्धा इतक्या प्रेमानं करत नाही हो!"

"तुम्ही झोपलेले असता, तुम्हाला काय कळतंय," त्या म्हणाल्या. बाई उलटून बोलायला लागल्या होत्या.

जूनच्या शेवटी संकट आलं. झाडानं उजवीकडून एक फुटवा काढला, सरळ, वीतभर, बाकीच्या सगळ्या फांद्यांना सोडून. रस्त्यावरून तो कुणाला दिसलाही नसता. पण खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की आरशात तो बरोबर त्याच्या कानावरून बाहेर यायचा. होरिगोमेंना घाम फुटायचा. कात्री लावायची तर परवानगी नाही. मग ते गिऱ्हाइकाच्या कानावरचे केस जरा कापत. फुटवा तिथेच. आणखी जरा कापत. फुटवा तिथेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही. आठवड्याभरात आमच्या गल्लीतले सगळे पुरुष एका कानावर भादरलेले दिसायला लागले. उएमात्सु टोपी घालून भाजी विकत होते. कुणी तक्रार केली नाही, कारण असं का होतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते बघायला मजा येत होती.

मलाही येत होती, आमच्या ह्यांची पाळी येईपर्यंत. गाडी चालवण्याच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, फोटो काढायचा म्हणून हे मुद्दाम आदल्या दिवशी केस कापायला गेले. परत आले तर डावा कान नीट झाकलेला आणि उजव्यावर टक्कल. परवान्यावरचा फोटो पाच वर्षं राहतो. पाच वर्षं पोलीस हसणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार झाडायला निघाले. आमच्याकडे आपलं दार झाडून झालं की शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर झाडतात. त्याहून कमी म्हणजे माणूसघाणेपणा, त्याहून जास्त म्हणजे आगाऊपणा. मी हातभर झाडलं आणि मान वर केली, तर तो फुटवा समोर, ताठ. ॲप्रनच्या खिशात कपड्यांच्या चिठ्ठ्या कापायची कात्री होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कच्! तुकडा खिशात घातला आणि घरात आले. आत आल्यावर भानावर आले. राखण माझ्याकडे होती.

कबूल करायला हवं होतं, तेव्हाच. मी नाही केलं, घाबरले. आणि पुढचे तीन दिवस फार वाईट गेले. होरिगोमेंना वाटलं किनुको-सानंनी कापला, आपली तगमग बघवली नाही म्हणून. किनुको-सानना वाटलं नवऱ्याला राहवलं नाही. दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत. उलट एकमेकांशी इतक्या अदबीनं वागायला लागली, "चहा घेता का", "तू आधी घे", की भिंतीपलीकडे मलाच ते ऐकवेना.

पंधरा तारखेला काका आले. सरळ झाडापाशी गेले, वाकले आणि कापावर बोट ठेवलं.

"कुणी?"

"मी," होरिगोमे म्हणाले.

"मी," किनुको-सान म्हणाल्या. दोघं एकदमच.

"तिचं ऐकू नका. तिला लांबचं दिसतसुद्धा नाही नीट."

"यांच्याकडे कात्री नव्हतीच. मी वस्तऱ्यानं कापला."

काका आपल्या छोट्या ट्रककडे गेले आणि फावडं घेऊन आले. मग मात्र मला राहवेना. मी लाँड्रीच्या दारातून धावत गेले आणि खिशातला वाळका तुकडा काढून त्यांच्यासमोर धरला. "काका, मी कापला. ह्यांच्या परवान्याच्या फोटोवरून डोकं फिरलं माझं. या दोघांचा काही संबंध नाही."

नवरा-बायकोनं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे. किनुको-सानचा चेहरा लाल झाला. "तुम्ही नव्हता कापला?" त्या हळूच म्हणाल्या.

"मला वाटलं तू," होरिगोमे म्हणाले.

"अट कापाची होती," काका म्हणाले. "कुणाच्या हाताची नव्हती. आणि चोर तर राखणदारच निघाली." त्यांनी फावडं मातीला टेकवलं.

होरिगोमेंनी कमरेतून वाकून मान खाली घातली आणि तशीच ठेवली. "मोतेगी-सान, झाड नेऊ नका. हिनं आजवर माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मला ती जमली नाही, दोनदा. आता हिची हिनं जगवलीये. वाटलं तर मला इथे दारात बांधून ठेवा, पण ते नेऊ नका." बोलताना त्यांचा आवाज फाटत होता. किनुको-सानंनी त्यांच्या शेजारी उभं राहून तशीच मान खाली घातली. मग मीही.

काका आमच्या तीन टाळवांकडे बघत उभे राहिले असावेत. मग फावडं भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. "बघू तरी," ते पुटपुटले, "कशासाठी एवढा जीव टाकताय ते." आणि गमबुटांसकट सलूनमध्ये शिरून खुर्चीत बसले.

ते पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसत होते. आरशात बघितलं आणि बघतच राहिले. बाहेर वारा होता. काचेपलीकडे पानं हलत होती, कललेला बुंधा खुर्चीच्या दिशेनं आलेला, आणि थंड पेयांचं मशीन पार त्याच्या मागे दडलेलं.

"अकरा वर्षं पाणी घातलं याला," काका म्हणाले. "ही बाजू मी पाहिलीच नव्हती."

थोड्या वेळानं ते उठले. "तो फुटवा असता तर आज मीच काढला असता, असला पानगळीपर्यंत ठेवत नाहीत. जोम सगळा तोच खात होता. पण शिगेको, कापावं कुठे तेही कळत नाही तुला. दोन बोटं खाली." त्यांनी खिशातून आपली कात्री काढली, बाहेर जाऊन उरलेला खुंट खालच्या कोंबांच्या जोडीपर्यंत नीट कापला आणि फावडं ट्रकमध्ये टाकून दिलं. जाताना दारात थांबले.

"किनुको-सान, बसून बघितलंत का तुम्ही?"

"मी? माझं काम उभ्यानं असतं."

"बसून बघा," म्हणाले आणि निघून गेले.

किनुको-सान खुर्चीपाशी गेल्या, पण बसल्या नाहीत. त्या ॲप्रनला हात पुसत राहिल्या. तेव्हा होरिगोमेंनी माझ्या गठ्ठ्यातला धुतलेला पांढरा कपडा काढला, फटकन झटकला आणि गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाले, "या, बसा."

त्या बसल्या. होरिगोमेंनी कपडा त्यांच्या गळ्याभोवती बांधला आणि पायानं दाबून खुर्ची थोडी वर घेतली. किनुको-सान आरशात बघायला लागल्या. उभ्यानं, मधे खुर्ची आणि गिऱ्हाईक असल्यामुळे, त्यांना इतके महिने झाडाचा शेंडाच तेवढा दिसत होता. आता सगळं झाड दिसत होतं.

"बुंधासुद्धा दिसतो इथून," त्या म्हणाल्या. "आणि खालचं शेवाळ." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडावर धरायला हाताशी टॉवेल नव्हता, म्हणून सगळं हसू तसंच उघडं दिसत होतं. "मी अजून थोडा वेळ बसते."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. टोपी काढत उएमात्सु-सान आत आले.

"थांबावं लागेल, उएमात्सु-सान," होरिगोमे म्हणाले. "खुर्चीवर गिऱ्हाईक आहे."